रक्तात टिकणारा उजेड

इलेक्ट्रोलाइट्सचा रिपोर्ट दिसायला साधा असतो. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि त्यांच्यापुढे तीन आकडे. निरोगी माणसाच्या सीरममध्ये लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल असतं, पोटॅशियम अवघं ३.५ ते ५. हेच पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. किडनी निकामी झालेल्या, डायलिसिस चुकलेल्या रुग्णाच्या डॉक्टरला हा आकडा काही मिनिटांत लागतो, आणि त्यात अर्ध्या मिलिमोलची चूकही महागात पडते.

आज बहुतेक प्रयोगशाळांत हा आकडा आयन-निवडक इलेक्ट्रोड देतो. त्याआधी फ्लेम फोटोमीटर होता: सीरम पातळ करून ज्योतीत फवारायचं आणि सोडियमचा पिवळा, पोटॅशियमचा जांभळट उजेड मोजायचा. या दोन्हींच्या बरोबरीने रसायनशास्त्रज्ञ एक तिसरी वाट घडवत आले आहेत. असा रंग तयार करायचा, की नेमका हवा तोच आयन भेटल्यावर तो उजळेल किंवा विझेल, आणि त्या उजेडावरून आयनाचं प्रमाण काढता येईल. या वाटेवर हजारो शोधनिबंध साचले आहेत. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेले रंग मात्र बोटांवर मोजण्याइतके. एवढी तफावत का पडली आणि जे थोडे रंग पोचले ते कशाच्या जोरावर पोचले, हे पाहिल्याशिवाय या क्षेत्राची खरी प्रगती समजत नाही.

सुरुवात क्विनीनपासून होते. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांना क्विनीनच्या स्वच्छ, रंगहीन द्रावणाच्या पृष्ठभागावर निळी झाक दिसली. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला. क्विनीन डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि जास्त तरंगलांबीचा निळा प्रकाश बाहेर टाकतं. हेच अनुस्फुरण, त्याचं 'फ्लुओरेसन्स' हे नावही स्टोक्स यांचंच. याच स्टोक्स यांनी १८६९ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने ती जास्त मोलाची आहे. गंधकाम्लात क्विनीन झगझगीत चमकतं, पण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा साधं मीठ घातलं की चमक मावळते. टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली धरून त्यात चमचाभर मीठ टाकलं तर हा प्रयोग आजही कोणालाही करता येतो.

क्लोराइड इथे क्विनीनला चिकटून बसत नाही. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू क्लोराइडवर आदळतो आणि प्रकाश न टाकताच शांत होतो. क्लोराइड जितकं जास्त, तितक्या टकरी जास्त आणि उजेड कमी. श्टेर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये या घटीचं सरळ गणित मांडलं. म्हणजे क्लोराइड मोजायचं तत्त्व हाताशी होतं. ते पेशीच्या आत नेणारा रंग मात्र १९८७ मध्ये आला. कॅलिफोर्नियात इल्सली आणि व्हर्कमन यांनी क्विनीनच्याच क्विनोलीन सांगाड्याला पाण्यात विरघळणारं सल्फोनेटचं शेपूट जोडलं. या रंगाला एसपीक्यू म्हणतात.

त्याची गरज कुठे होती, हे समजायला घामाकडे वळावं लागतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसं चिकट कफाने भरतात. असा आजार असलेली मुलं न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात उष्म्याने कोसळतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. १९५३ मध्ये पॉल दि सांत'आन्येझे यांनी या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं हे दाखवलं. १९५९ पासून गिब्सन आणि कुक यांच्या पद्धतीने पिलोकार्पीन त्वचेत उतरवून घाम गोळा केला जातो, आणि त्यातलं क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त भरलं तर निदान जवळजवळ पक्कं होतं. १९८९ मध्ये दोषी जनुक सापडलं. पुढच्याच वर्षी रुग्णाच्या श्वासनलिकेतल्या पेशींत निरोगी जनुक घातल्यावर क्लोराइडची अडलेली वाट पुन्हा मोकळी झाली, आणि ती मोकळी झाल्याचं सांगितलं एसपीक्यूने. या रंगाचे दोषही लगेच उघड झाले. तो पेशीतून हळूहळू झिरपून जातो, ब्रोमाइड आणि आयोडाइडनेही विझतो, आणि उजेड कमी झाला तो क्लोराइड वाढल्यामुळे की रंगच निसटल्यामुळे, हे एकट्या उजेडावरून ठरवता येत नाही.

या शेवटच्या अडचणीवर तोड सापडली ती कॅल्शियमच्या अभ्यासात.

सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवलं, की बेडकाचं हृदय धडधडत राहायला द्रावणात कॅल्शियम लागतंच. पण रक्तात आणि पेशीत कॅल्शियमचं प्रमाण इतकं वेगळं आहे की एकाच मोजपट्टीत दोन्ही बसत नाहीत. रक्तातलं मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, कॅल्शियम लिटरला सुमारे १.२ मिलिमोल. शांत पेशीच्या आत ते त्याच्या जवळजवळ दहा हजाराव्या भागाइतकं, सुमारे १०० नॅनोमोल. पेशी आकुंचन पावते, संप्रेरक सोडते किंवा चेतातंतू संदेश देतो, तेव्हा हे आतलं कॅल्शियम क्षणार्धात कित्येक पट वाढतं आणि पुन्हा उतरतं.

ती उसळी पहिल्यांदा दाखवली एका जेलीफिशने. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर इथे ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ हजारो जेलीफिश पकडून त्यांच्या प्रकाशाचा शोध घेत होते. अर्क काढण्याचा एक प्रयत्न संपल्यावर त्यांनी उरलेला अर्क बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या उजेडाने भरलं. बेसिनमध्ये समुद्राचं पाणी वाहून येत होतं आणि त्यातलं कॅल्शियम त्या प्रथिनाला पेटवत होतं. हे प्रथिन म्हणजे इक्वोरिन. १९६७ मध्ये ते बार्नॅकल या सागरी जीवाच्या जाड स्नायुतंतूत सुईने टोचून आकुंचनाच्या वेळची कॅल्शियमची लाट पाहिली गेली. पण माणसाच्या इवल्याशा पेशीत सुई कशी घालणार?

रॉजर चेन यांनी केंब्रिजमध्ये हाच प्रश्न रसायनशास्त्राकडे वळवला. कॅल्शियम पकडायला ईजीटीए नावाचा रेणू आधीच होता आणि तो मॅग्नेशियमला फारसा भुलत नसे. मात्र शरीराच्या आम्लतेवर त्याच्या नायट्रोजनांवर प्रोटॉन बसलेले असतात. कॅल्शियमला त्यांना हुसकावून आत शिरावं लागतं. चेन यांनी त्या नायट्रोजनांना बेंझीनची वलयं जोडली. प्रोटॉनची पकड सुटली, कॅल्शियम झटकन बसू लागलं, आणि वलयं आल्यामुळे त्याच रेणूतून रंग घडवायची सोय झाली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला हा रेणू बाप्टा. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी युक्ती दिली. बाप्टाच्या ऋणभारित टोकांवर अॅसिटॉक्सिमेथिल एस्टरचं झाकण घालायचं. झाकलेला रेणू पेशीच्या मेदयुक्त पडद्यातून सहज आत जातो, आतली विकरं झाकण कापून टाकतात, आणि ऋणभार उघडा पडलेला रेणू बाहेर निघू शकत नाही. सुईची गरजच संपली.

१९८५ चा फ्युरा-२ हा या मालिकेतला सर्वांत टिकाऊ रंग. कॅल्शियम पकडलेला फ्युरा-२ ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने चांगला उजळतो, रिकामा असलेला ३८० च्या. दोन्ही प्रकाश आळीपाळीने टाकून मिळालेल्या उजेडांचं गुणोत्तर काढलं की पेशीत रंग किती शिरला, पेशी किती जाड आहे, रंग किती फिका पडला, हे सगळे प्रश्न भागाकारातच निघून जातात. जगभरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांनी हा रंग तत्काळ उचलला. पुढे चेन यांच्याच प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये प्रथिनांचा बनलेला कॅमेलिऑन आला, २००१ मध्ये जपानमधून जीकॅम्प आला, आणि कॅल्शियम दाखवणारा रंग पेशीने स्वतःच तयार करावा अशी सोय झाली. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना मिळालं ते जेलीफिशमधल्याच, हिरवा उजेड देणाऱ्या प्रथिनासाठी. पण या क्षेत्रात काम करणारे चेन यांना आजही आधी कॅल्शियमच्या रंगांसाठी मानतात, आणि ते योग्यच आहे.

आता हाच गाजलेला फ्युरा-२ रक्ताच्या थेंबात टाकला तर काय होईल? काहीच नाही. त्याची पकड दोनेकशे नॅनोमोलच्या आसपासची. रक्तातलं कॅल्शियम त्याच्या हजारो पट जास्त. प्रत्येक रेणू भरून जाईल आणि प्रमाण १.० असो की १.४, उजेड तोच राहील. सोनाराच्या काट्यावर ज्वारीचं पोतं ठेवण्यासारखं ते आहे. रंगाची पकड ज्या द्रवात मोजायचं त्या द्रवातल्या प्रमाणाच्या आसपासच हवी, ही या विद्येतली पहिली अट. रक्तासाठी त्यामुळे जाणीवपूर्वक सैल पकडीचे रंग घडवावे लागतात, आणि पकड सैल केली की दुसरा आयन आत घुसण्याची शक्यता वाढते.

पोटॅशियमच्या बाबतीत ही दुसरी अडचण गणितानेच कळते. समजा एखादा रंग सोडियमपेक्षा पोटॅशियमला ३५ पट पसंती देतो. ऐकायला ही पसंती भक्कम वाटते. पण रक्तात सोडियम १४०, पोटॅशियम ४. सोडियमचे १४० भागिले ३५ म्हणजेही चारच. रंगाच्या उजेडातला अर्धा वाटा सोडियमचा निघेल. मग सलाइन चढवून रुग्णाचं सोडियम बदललं की पोटॅशियमही बदलल्यासारखं दिसेल. चेन यांच्या गटाने १९८९ मध्ये सोडियमसाठी एसबीएफआय आणि पोटॅशियमसाठी पीबीएफआय हे रंग दिले. पीबीएफआयची निवड फारशी काटेकोर नव्हती. तरी पेशीत तो चालून गेला, कारण पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं. रक्तात हे प्रमाण उलटं असल्याने तिथे तो निरुपयोगी ठरला.

निवड काटेकोर करायची तर आयनाच्या मापाचं घरटं लागतं. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. फरक एवढाच. १९६७ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या चार्ल्स पेडरसन यांनी वलयात ऑक्सिजन गुंफलेले क्राउन ईथर प्रसिद्ध केले. ज्याँ-मारी लेन यांनी वलयाची पिंजऱ्यासारखी त्रिमितीय रचना केली. १९८७ चं नोबेल या दोघांना डोनाल्ड क्रॅम यांच्यासह मिळालं. घरटं मिळालं, पण आयन आत बसल्याची खबर रंगाला कशी द्यायची हा प्रश्न उरलाच होता.

त्याचं सुबक उत्तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ए. प्रसन्ना डी सिल्वा यांनी घडवलं. मूळचे श्रीलंकेचे डी सिल्वा १९८० च्या दशकापासून एकच आराखडा घोटत आले: एका टोकाला चमकणारा भाग, दुसऱ्या टोकाला आयन पकडणारा ग्राही, मध्ये छोटा दुवा. ग्राहीतल्या नायट्रोजनकडे एक मोकळी इलेक्ट्रॉनजोडी असते. रंगावर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन चमकणाऱ्या भागाकडे उडी मारतो आणि उजेड विझवतो. आयन घरट्यात बसला की तो ती इलेक्ट्रॉनजोडी स्वतःकडे ओढून धरतो, उडी थांबते आणि रंग उजळतो. या आराखड्याचा मोठा फायदा असा, की तिन्ही भाग वेगवेगळे बदलता येतात. पकड बदलायची तर ग्राही बदला, रंग बदलायचा तर चमकणारा भाग.

२००३ मध्ये याच आराखड्यावरचे दोन रंग रक्तासाठी सिद्ध झाले. सोडियमसाठी क्राउन ईथरचा ग्राही, पोटॅशियमसाठी ट्रायअॅझाक्रिप्टँड नावाचा पिंजरा, आणि दोन्हींत चमकणारा भाग नॅफ्थॅलिमाइडचा, जो निळ्या एलईडीने उजळून हिरवा प्रकाश देतो. हे रंग ज्या यंत्रात गेले ते 'ऑप्टी' नावाने रुग्णालयांत विकलं गेलं. त्याच तंत्राचं 'व्हेटस्टॅट' हे यंत्र पशुवैद्यांकडे कुत्र्या-मांजरांचं रक्त तपासतं. या यंत्रांना आतून जपाव्या लागणाऱ्या इलेक्ट्रोडची गरज नसते. प्रत्येक तपासणीला एक नवी कॅसेट, तिच्यात काही थेंब रक्त, आणि काम झालं की ती फेकून द्यायची.

इथे थोडं रेंगाळणं भाग आहे, कारण यशाचं कारण फक्त पिंजऱ्यात नव्हतं. रंग रक्तात विरघळून चालत नाही. तो पाणी शोषणाऱ्या पातळ थरात रासायनिक बंधाने घट्ट बांधावा लागतो. रक्त स्वतः प्रकाशाचं वैरी आहे. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश प्रचंड शोषतं, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातही शोषतं; काविळीत बिलिरुबिन निळा प्रकाश गिळतं; सीरममधली प्रथिनं स्वतःच थोडी चमकतात. म्हणून रंगाच्या थरावर आयनांना आत येऊ देणारा काळा थर बसवला जातो. आयन त्यातून झिरपतात, प्रकाश मात्र रक्तापर्यंत पोचतच नाही. तो एका बाजूने येतो आणि त्याच बाजूने परत जातो. संश्लेषण करणारे रसायनज्ञ या कामाला अनेकदा दुय्यम मानतात. खाटेपर्यंतची वाट मात्र याच कामाने मोकळी झाली.

दुसऱ्या दिशेचा प्रयत्न म्हणजे रंगच तांबड्या पट्ट्यात सरकवायचा, जिथे हिमोग्लोबिनचं शोषण कमी असतं. टोकियो विद्यापीठात तेत्सुओ नागानो यांच्या गटाने ऱ्होडॅमिनमधल्या ऑक्सिजनच्या जागी सिलिकॉन बसवून असे रंग घडवले आणि २०११ मध्ये त्यावरून कॅल्शियमचा तांबडा रंगही दिला.

भारतातलं चित्र आशादायक आहे आणि थोडं अस्वस्थ करणारंही. रंगांचं रसायनशास्त्र मुंबईला नवं नाही. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या आयसीटीत, के. वेंकटरामन यांनी रंगरसायनाची शाळा उभी केली. १९५२ चा त्यांचा कृत्रिम रंगांवरचा दोन खंडांचा ग्रंथ जगभर वापरला गेला, आणि नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आयआयटी मुंबईत सी. पी. राव यांच्या गटाने पेल्याच्या आकाराच्या कॅलिक्सअरीन रेणूंना हात जोडून जस्त, पारा, तांबं ओळखणारे कितीतरी ग्राही घडवले. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेत यमुना कृष्णन यांनी २००९ मध्ये डीएनएच्या पट्ट्यांतून पेशीतली आम्लता मोजणारं साधन तयार केलं. २०१५ मध्ये त्याच पद्धतीने क्लोराइड मोजणारं साधन आलं: क्लोराइडने विझणारा एक रंग आणि न विझणारा दुसरा, दोन्ही एकाच डीएनएवर. चेन यांचं गुणोत्तराचं तत्त्व आणि स्टोक्स यांची विझणारी चमक इथे एकत्र आली, आणि एसपीक्यूचा जुना दोष निघाला.

अस्वस्थता वेगळ्या कारणाने आहे. देशातल्या असंख्य महाविद्यालयांतून दरवर्षी नवनवे 'संवेदक' प्रसिद्ध होतात. त्यांतले बरेच अॅसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात तपासलेले असतात, जिथे आयनांच्या भोवती पाण्याचं कवच नसतं आणि पकड सोपी जाते. शेवटी 'प्रत्यक्ष नमुना' म्हणून नळाच्या पाण्यात मोजका आयन टाकून तो परत मिळाल्याचं दाखवलं जातं. रक्त, लघवी, घाम यांत काम करण्याचा पुरावा यातून मिळत नाही. अशा निबंधांनी विद्यार्थ्याला पदवी मिळते, रुग्णाला काही मिळत नाही. आणि ज्यांच्या हाती उत्तम संश्लेषण आहे त्यांनी इथेच थांबावं, ही खरी हानी आहे.

कारण करण्यासारखं काम समोर आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. तिथल्या माणसांच्या शरीरात ते किती जातं हे लघवीतून कळतं, आणि आज ते इलेक्ट्रोडने मोजतात. फ्लोराइडचे रंग पुष्कळ घडले, पण पाणी फ्लोराइडला इतकं घट्ट धरून ठेवतं की त्यातले बरेच रंग पाण्यात निष्प्रभ होतात. मानसोपचारात दिल्या जाणाऱ्या लिथियमचं रक्तातलं प्रमाण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या दरम्यान ठेवावं लागतं; त्यापेक्षा जास्त झालं तर विषबाधेचा धोका. इथे सोडियम शंभरहून जास्त पट, आणि लिथियमला ओळखणारं काटेकोर घरटं अजून घडतं आहे. घामाच्या बाबतीत मजल पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१८ मध्ये त्वचेला चिकटणारी मऊ पट्टी दाखवली. तिच्या बारीक नलिकांत घाम शिरतो आणि त्यातलं क्लोराइड, सोडियम, जस्त फ्लुओरेसन्ट रंगांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर वाचलं जातं.

पोटॅशियमचा रंग आता भरवशाचा झाला असला तरी एक जागा उघडीच आहे. तांबड्या पेशींत पोटॅशियम रक्तद्रवाच्या वीस पटींहून जास्त असतं. बारीक सुईतून जोराने रक्त ओढलं आणि थोड्या पेशी फुटल्या की रंग जे वाचतो ते खरंच असतं, पण ते रुग्णाच्या शरीरातलं नसतं. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं पोटॅशियम-ईडीटीए चुकून नमुन्यात उतरलं तरी तसंच: पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली. सीरम वेगळं केलं तर त्याचा लालसर रंग पेशी फुटल्याची चुगली करतो. अख्ख्या रक्ताच्या कॅसेटमध्ये ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच कॅसेटमध्ये, पोटॅशियमच्या थराशेजारी, मोकळं हिमोग्लोबिन वेगळं मोजणारा आणखी एक थर स्वस्तात बसवणं हे काम आता प्रकाशाच्या अभियंत्यांकडे आणि रंग घडवणाऱ्यांकडे एकत्रच आलं आहे.